पाइपाला हात

सांडू हिवराळेचं तोंड शहरात फार थोड्यांना ठाऊक होतं, पण आवाज विचाराल तर शेंबड्या पोरालाही पाठ. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी, हातात माईक, की मग काय, सगळं शहर त्याचं. पोलिओचा डोस असो, कुणाची मयत असो, जयंतीच्या गर्दीत हरवलेलं लेकरू असो, सांडू बोलणार. निवडणुकीत तर सकाळी ह्याला निवडून द्या म्हणायचा आणि दुपारी त्याला. लोक चिडवायचे, सांडूदादा, तुमचं स्वतःचं मत नेमकं कुणाला? तो हसून सांगायचा की आवाज भाड्यानं मिळतो, मत नाही.

पण एक घोषणा त्यानं कधीच भाड्यानं केली नाही. पाण्याची.

विद्यापीठाच्या मागं, लेण्यांच्या डोंगराखाली जेतवननगर आहे. पैठणला धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी इथल्या नळाला पाणी आठव्या दिवशी, कधी दहाव्या. वेळेचा पत्ता नाही. फकिरा नावाचा लाईनमन व्हॉल्व्ह सोडायचा, आणि सोडला की सांडूला सांगायचा. सांडू मात्र तेवढ्यावर कधी बोलला नाही. तो उठून नाल्यापाशी जायचा, तिथं मोठा पाइप उघड्यावर आलाय, त्याच्यावर डावा पंजा टेकायचा आणि थांबायचा. त्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट वाकडं. लहानपणी हापशाच्या दांड्यात सापडलेलं. आत पाणी आलं की पाइप गार पडतो आणि बारीक थरथरतो. ती थरथर हाताला लागली की मगच माईक चालू. "जेतवननगरच्या आयाबहिणींनो, सांडू बोलतोय. पाणी निघालंय." ह्या एका वाक्यावर बंगल्यांतली धुणीभांडी अर्धवट टाकून बाया घरी पळत यायच्या. बावीस वर्षांत एकदाही त्यांची खेप वाया गेली नाही.

फकिराला ह्याचा राग यायचा. मी सोडलं म्हणतोय ना, माझ्यावर भरोसा नाय का तुझा, म्हणायचा. सांडू म्हणायचा, "तुझ्यावर हाय रे. पण बाया तुझ्यावर नाय, माझ्यावर भरोसा ठेवून येतात."

त्या बायांत सगळ्यात थोरली मनकर्णाबाई. सांडूची नात्यातली कुणी नव्हे, पण त्याची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि तिनं त्याला आपल्या लेकरांच्या ताटात बसवलं. तेव्हापासून ती आक्का. पंधरा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून माणसं तिला आवाजानंच कळायची. सांडूची रिक्षा दोन गल्ल्या पलीकडं असली तरी सुनेला सांगायची, आज त्याला सर्दी झालीय बघ.

मतदानाचा दिवस म्हणजे आक्काचा सण. कडक धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ती ओट्यावर बसायची, सांडू तिला रिक्षातून न्यायचा आणि आणायचा. एवढ्या वर्षांत एक मतदान तिनं चुकवलं नव्हतं, अंगात ताप असताना सुद्धा. बाबासाहेबांनी दिलेलं आहे, ते घरात ठेवून कसं चालेल, एवढंच तिचं म्हणणं. परत येताना ती बोट पुढं करायची. "लागली का रं शाई?" सांडू सांगायचा, लागली आक्का, ठळक लागली. मग दिवसभर ते बोट पदराबाहेर ठेवून ती ओट्यावर बसून राहायची. स्वतःला दिसत नव्हतं ना, मग लोकांना तरी दिसू दे.

दोन वर्षांपूर्वी सांडूचा घसा धरला. आज सुटेल, उद्या सुटेल करता करता आवाज घोगराच झाला. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं, गाठ आहे म्हणाल्या, बोलणं कमी करा. आता ह्या माणसाला बोलणं कमी करा म्हणणं म्हणजे कमालच. तो घरी आला आणि दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडला. त्याची बायको गीताबाई समजूत घालून थकली.

उपाय काढला इंद्रजीतनं. एकुलता एक पोरगा, सव्वीस वर्षांचा, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, कायमची नोकरी नाही, पण डोकं तल्लख. त्यानं बापाची जुनी सगळी रेकॉर्डिंगं गोळा केली, दोन दिवस त्याच्याकडून राहिलेले शब्द हळू आवाजात वाचून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी मोबाईल पुढं केला. म्हणाला, पप्पा, काहीही लिहा. सांडूनं लिहिलं, गीता, चहा ठेव. मोबाईलमधून खणखणीत आवाज आला, दहा वर्षांपूर्वीचा, न फाटलेला. गीताबाईनं डोळ्यांना पदर लावला. सांडूनं ते चार वेळा ऐकलं. मग मोबाईल घेऊन घरोघर हिंडला, सगळ्यांना ऐकवलं आणि म्हणाला, आता मी मेलो तरी बोलत राहीन. लोक हसले, तोही हसला.

मग "जेतवननगर पाणी" नावाचा ग्रुप निघाला. फकिरा फोन करायचा, इंद्रजीत दोन ओळी लिहायचा, आणि सांडूचा आवाज चारशे मोबाईलवर एकदम पोचायचा. रिक्षा काढायला नको, पेट्रोल नको, घशाला ताण नको. पहिल्या दोन-तीन वेळा सांडूला चुकल्यासारखं झालं, तो उठून नाल्याकडं गेलासुद्धा. तोवर बाया हंडे लावून बसलेल्या. मग त्यानं जाणं सोडलं. थंडीच्या दिवसांत पहाटे गोधडीत बरं वाटतं, कुणालाही वाटेल. चूक म्हणावी तर एवढीच, आणि ती त्यानं आनंदात केली.

बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली. जेतवननगरातून करुणा दाभाडे उभी राहिली. शिलाईचे क्लास घेणारी, तोंडाची सडेतोड, मागं ना कुठला पक्ष ना पैसा. तिचा मुद्दा एकच, पाणी. बायांना ती आपली वाटत होती. सांडूनं आयुष्यात पहिल्यांदा उघड सांगितलं, ह्या बारीला आवाज बी फुकट आन मत बी. इंद्रजीतला मात्र एका मोठ्या उमेदवाराच्या कचेरीत मोबाईलवरच्या प्रचाराचं काम मिळालं होतं. सांडूला ते थोडं खुपलं, पण स्वतः जन्मभर दोन्हीकडची भाडी मारलेला माणूस, पोराला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

मतदानाच्या आदल्या दिवशी गंगापूरला त्याचा मेहुणा वारला. मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातला, केंद्र उघडताच सांडू आणि गीताबाईनं मत दिलं, आणि जीपनं मातीला गेले. जाताना तो आक्काच्या ओट्यापाशी थांबला. म्हणाला, आत्ता माणसांनी भरलेली जीप थांबलीय, चारला येतो, लुगडं नेसून तयार राहा. आक्का म्हणाली, मी तर आंघोळ करून बसले बी.

दुपारी दोनला ग्रुपवर आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. जेतवननगरच्या आयाबहिणींनो, सांडू बोलतोय. आज पाणी तीन वाजता निघेल, साडेपाचपर्यंत राहील, आणि ह्यानंतर दहा दिवस येणार नाही.

बघा, काय डोकं चालवलंय मेल्यांनी! मतदानाला जाऊ नका असं कुठं म्हटलं नाही. धमकी नाही, शिवी नाही, जातीचं नाही, धर्माचं नाही. बाया सकाळी कामावर जातात आणि तीननंतर मताला बाहेर पडतात, आणि केंद्र साडेपाचला बंद होतं, हे कुणाला तरी नीट माहीत होतं. तो नळाचा नववा दिवस होता, घराघरांत हंडे पालथे पडलेले. कुठली बाई नळ सोडून जाईल? नाल्याकडं जाऊन पाइपाला हात लावावा असं चारशे माणसांत एकालाही सुचलं नाही. ते काम सांडूचं होतं ना.

तीन वाजले, साडेतीन झाले, नळ कोरडा. सांडूचा फोन लागेना, म्हणून फकिराला फोन गेले. तो म्हणाला, आज पाण्याची पाळीच नाय. लोक म्हणाले, सांडूनं सांगितलंय, तू लपवतोस. मग कुणीतरी म्हणालं, पाणी रस्त्यापलीकडच्या मोहल्ल्यात वळवलंय. झालं. त्या मोहल्ल्यात आणि जेतवननगरात बावीस वर्षं एकाच व्हॉल्व्हचं पाणी वाटून घेतलेलं; जयंतीचं जेवण तिकडं जायचं, ईदचा शीरखुर्मा इकडं यायचा. त्या दिवशी दोन्हीकडच्या बाया एकमेकींच्या हंड्यांवर तुटून पडल्या आणि मागून पुरुष आले. फकिरा मध्ये पडला. व्हॉल्व्ह फिरवायची त्याची स्वतःचीच लोखंडी चावी कुणीतरी हिसकली आणि त्याच्याच डोक्यात घातली. रक्त पाहिल्यावर माणसं मागं सरली, पण एकमेकांच्या तोंडाकडं पुन्हा कुणी सरळ पाहिलं नाही.

करुणा केंद्राबाहेर उभी राहून वाट बघत होती. शाळेचं पटांगण रिकामं. तिनं निरोप धाडला, तर बायांनी सांगितलं, पाणी भरून येतो.

सांडूची जीप पावणेपाचला आली. रडून रडून त्याचा घसा पार बसलेला. गल्लीत हंड्यांची रांग पाहून त्यानं खुणेनंच विचारलं, हे काय? बाया चिडल्या, अहो तुम्हीच तर सांगितलं, आणि एकीनं मोबाईल त्याच्या कानाला लावला. सांडूनं स्वतःला ऐकलं. तो दारात उभ्या रिक्षाकडं धावला. मग आत घुसला, माईक घेतला आणि ओरडला की मी सांडू, ते खोटं आहे, पाणी येणार नाही, मताला चला.

पण भोंग्यातून आलं ते नुसतं फाटकं, चिरकं काहीतरी. ज्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं त्या पंधरा-वीस जणी पदर खोचून पळाल्या. घरांत बसलेल्यांना वाटलं, हा कुणाचा तरी डाव, सांडूची नक्कल करून आपल्याला नळावरून उठवायला बघतायत. एका खिडकीतून हसण्याचा आवाज आला. सांडूदादाचा आवाज काय आम्ही ओळखत नाही होय? खरा सांडू खोटा ठरला, आणि मशीनमधला खरा.

गल्लोगल्ली ओरडत तो पोचला तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. आक्का ओट्यावर बसलेली, पांढरं लुगडं, हात मांडीवर. त्यानं रिक्षातूनच हाक मारली, चल आक्का, लवकर. ती जागची हलली नाही.

"तू कोण रं? सांडूचं सोंग काऊन काढतुस? सांडूनं मला सांगितलंय, पाणी हाय म्हणून. त्यो येईल मंग."

त्यानं खाली उडी मारली आणि तिचा हात हातात घेतला. तिनं बोटं चाचपली. वाकडं बोट सापडलं तशी तिच्या चेहऱ्यावरची सगळी ऐट उतरली. म्हणाली, मंग मघा कोण बोललं? सांडूनं तिला उचलूनच रिक्षात बसवलं.

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा साडेपाचवर तीन मिनिटं झाली होती. फाटकावरचा शिपाई वाईट माणूस नव्हता. त्यानं सांडूपुढं हात जोडले. हळूच म्हणाला, दादा, वेळ संपली, माझ्या हातात नाही. आक्का विचारत राहिली, काऊन थांबलो, रांग हाय का? शेवटी शिपायानंच रिक्षापाशी येऊन तिला सांगितलं. परत येताना बोट तिनं पदरात घेतलं होतं.

करुणा त्रेचाळीस मतांनी पडली. जेतवननगरातल्या दोनशेच्या वर बायांनी मत दिलेलं नव्हतं. हिशोब करायला मास्तर नको होता.

इंद्रजीतला सांडूनं घरातच विचारलं, दार लावून. पोरगा पांढराफटक. म्हणाला, "पप्पा, मी कचेरीतल्यांना फक्त आवाज दिला आन ग्रुपवर घेतलं. मतदान करा असं तुमच्या आवाजात सांगायचंय म्हणाले. ते पाण्याचं मी नाय लिहिलं, मला संध्याकाळी कळलं, आईशपथ." सांडूनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं की पोरगा खरं बोलतोय. खोटं बोलला असता तर चार थोबाडीत ठेवून मोकळं तरी होता आलं असतं. पोरानं फक्त दिला. ज्यांनी घेतला त्यांनी काय करायचं ते केलं. आणि आवाज म्हणजे काय दारातली खाट आहे, शेजाऱ्यानं मागितली म्हणून देऊन टाकायला?

गीताबाई मध्ये आली. पोरगा एकटा आहे, पोलिसांत नाव गेलं तर जन्माचं नुकसान, कोण नोकरी देईल, कोण मुलगी देईल, म्हणून तिनं पाय धरले. आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही गप ऱ्हा. तसंबी तुम्हाला आता बोलता कुठं येतंय."

सांडू दोन दिवस गप राहिला. जेवला, झोपला, कुणी विचारलं की घशाकडं बोट दाखवायचा. पोरगं त्यातून वाचत होतं. फक्त गल्लीत जो तो त्याच्यावर खार खाऊन होता, की तूच पैसे घेऊन बोललास. हे त्यानं गिळलं. तिसऱ्या दिवशी तो फकिराला बघायला गेला. डोक्याला नऊ टाके. फकिरा त्याच्यावर रागावला नाही. म्हणाला, तू पाइपाला हात लावल्याशिवाय बोलायचा नाहीस, म्हणून मी तेव्हा किती चिडायचो रे. बस, एवढंच म्हणाला आणि कूस बदलली.

तिथून सांडू सरळ पोलिसांत गेला. तक्रार लिहून दिली, पोराच्या नावासकट. मग रिक्षा काढली. जेतवननगरची एकेक गल्ली, आणि रस्ता ओलांडून तो मोहल्लासुद्धा. दर दहा पावलांवर थांबायचा, पाणी प्यायचा आणि त्या फाटक्या आवाजात तेच सांगायचा.

"आवाज माझा होता, बोल माझा नव्हता. त्यो माझ्याच घरातून गेला, माझ्या पोराच्या हातून. आन पाइपाला हात लावायचं पहिलं मीच सोडलं. फकिराला उगंच मारलंत. पाणी कुणीच वळवलं नव्हतं."

वाटलं होतं, माणसं बाहेर येतील. शिव्या देतील, निदान दगड मारतील. कुणी आलं नाही. दोन-तीन खिडक्या लागल्या. एका घरातून स्पष्ट ऐकू आलं, हेबी रेकॉर्डिंगच असंल. करुणा तेवढी दारात आली. त्याच्याकडं पाहिलं, मान खाली घालून आत गेली. पलीकडच्या मोहल्ल्यात एका म्हाताऱ्यानं ओट्यावरून उठून त्याला पाण्याचा तांब्या दिला. सांडूच्या पदरात त्या दिवशी पडलं ते एवढंच.

इंद्रजीतचा मोबाईल आणि कॉम्प्युटर पोलिसांनी नेले. चौकशी झाल्यावर तो पुण्याला निघून गेला. बापाला न सांगता. गीताबाई ताट वाढते, पाणी ठेवते, पण बोलत नाही.

त्या घोषणांच्या दिवशी रिक्षा लावून सांडू शेवटी आक्काकडं गेला होता. ती ओट्यावरच होती, साध्या लुगड्यात. त्याच्या पायांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. तो म्हणाला, आक्का, सांडू आलाय.

चाळीस-बेचाळीस वर्षं ह्या एवढ्या शब्दांवर तिचा चेहरा उजळायचा. आज उजळला नाही. मग तिनं हात पुढं केला आणि उघडा पंजा तसाच धरून ठेवला. सांडूला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं आपला डावा हात त्यावर ठेवला. नाल्यावर उभा राहून पाणी आलं का ते तो ज्या हातानं बघायचा, तोच.

तिनं सावकाश एकेक बोट चाचपलं. वाकडं बोट सापडल्यावर थांबली.

"शाई हाय का ह्याला अजून?"

"हाय, आक्का."

तिनं आपला अंगठा त्या नखावर ठेवला आणि हळूहळू फिरवत राहिली, शाई हाताला लागते का बघत असल्यासारखी. बराच वेळ. सांडूच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं, तरी तिनं हात सोडला नाही. पुढच्या मतदानाला ती बहुधा नसेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग म्हणाली, "बरं. तूच हाईस. आता बोल."

सांडू हात तसाच तिच्या हातात ठेवून ओट्यावर तिच्याजवळ बसला.